कातडीचं माप

शेवगाव, १९७३. भोगी, संध्याकाळ.

उद्या संक्रांत म्हणून कासारीण आली होती. माझ्या जाड हातात बांगड्या भरायला तिला दरवर्षी साबण लागायचा. आज मागितलाच नाही. नुसतं मनगट धरलं, तर सैल कातडी तिच्या मुठीत गोळा झाली. सोडली तरी तशीच सुरकुतलेली राहिली.

मधुमेहानं वर्षात निम्मी झाले मी. शाळेतल्या बाया म्हणतात, छान बारीक झालात. पदराखाली काय लोंबतंय ते त्यांना कुठं दिसतं? सांगावंसंही वाटत नाही.

तेवढ्यात हातातली जुनी बांगडी घसरून फरशीवर पडली. मी म्हटलं, फुटली. कासारीण चटकन म्हणाली, "बाई, वाढली म्हना. सवाष्णीनं फुटली म्हनू न्हाई."

वाढली! हसू यायला हवं होतं. आलं नाही.

तिनं पुन्हा मूठ आवळली, कातडी मागं सारली. दोन मापांच्या बांगड्या पुढं ठेवून म्हणाली, "हाडं पोरीची झाली, अन् कातडं हाय तेवढंच. कंचं माप भरू?"

कुचकटपणा नव्हता त्यात. तिला खरंच कळत नव्हतं. मला तरी कुठं कळतंय?

मी म्हटलं, कातडीचं भर.

का म्हटलं असेन? आता लिहिताना सगळ्या बांगड्या बोटांवर उतरतायत. वर सारते, पुन्हा उतरतात. उद्या बायकांना हळदीकुंकू लावताना हात खाली सोडायचा नाही, एवढं लक्षात ठेवायला हवं.