साखरेवरचा रवा

मास्तर, तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मी शारजाला घरी बांगडे साफ करत होतो. 'बरं झालं,' म्हणालो आणि उरलेले बांगडे साफ केले. त्यालाही आता वर्षं लोटली. तुम्ही मेलात, पण माझा राग काही मेला नाही. तुमच्याहून चिवट निघाला तो.

आठवते का रास अल खैमाच्या डोंगरातली ती चुनखडीची खाण? नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी बावीस वर्षांचा, तुम्ही फोरमन. त्याआधी तुम्ही हिमालयात रस्ते बांधणाऱ्यांबरोबर होतात. कुठला उतार कोसळणार हे बर्फ बघून आधीच ओळखायचं, हे तुमचं काम. एका शुक्रवारी सुट्टीला तुम्ही मला खोलीवरच्या स्वयंपाकघरात बोलावलंत. स्टीलच्या ताटात साखर पसरलीत, वर पाण्याचा हात लावलेला रवा घट्ट थापलात आणि ताट हळूहळू तिरकं केलंत. काहीच हललं नाही. मग कडेला एक टिचकी मारलीत, आणि रव्याचा अख्खा थर सर्रकन घसरून माझ्या मांडीवर! "बर्फाचं असंच असतं रे," तुम्ही म्हणालात, "वरचा थर टणक आहे म्हणून फसू नको. खड्डा खणायचा, एकेका थरात आधी मूठ घालून बघायची, नाही गेली तर बोट, मग पेन्सिल. मूठ सहज आत गेली की समजायचं, इथून वरचं सगळं सुटणार. खाली साखर आहे का, ते बघ." आपल्या डोंगरात साखरेच्या जागी मातीचा पातळ थर होता, एवढाच फरक. खडक पहारीने ठोकायचा. ठण वाजला तर जोडलेला, ढब वाजला तर सुटलेला. तपासणाऱ्याने हिरवा झेंडा दाखवल्याशिवाय कड्याखाली कोणी जायचं नाही, हा नियम तुमचाच. ती पहार तुम्ही माझ्या हातात दिलीत तेव्हा मी तुमच्या पाया पडलो होतो. थू!

मग तो पाऊस आला. दोन दिवस धो धो, काम बंद, सगळे अंगणात भिजायला. तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि दहा वाजेपर्यंत कड्यावरून धूळ उडायला लागली. आपण कोकणातली माणसं, जन्म दरडीखाली गेलेला, पण आपली दरड चार महिने ओलीच दिसते. वरून धूळ उडतेय आणि आत पाणी आहे, हे कुणाच्या ध्यानीमनीही नाही. मी ठोकलं, ढब वाजलं. धावत येऊन सांगितलं, "मास्तर, आज नको. माती आतून ओली आहे." मागे मॅनेजर "यल्ला, यल्ला" करत घाई लावत उभा. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "धूळ उडतेय आणि म्हणे ओली! घाबरट कुठला, बांगड्या भर." सगळे हसले. माझा मामेभाऊही हसला, ज्याला मीच खटपट करून तिकडे आणला होता. तुम्ही माझ्या हातातला झेंडा हिसकावलात आणि स्वतः फडकवलात. भाऊ ड्रिल घेऊन पुढे जातो. अर्ध्या तासात वरचा थर सुटतो, सर्रकन, अगदी ताटातल्यासारखा. त्याचा डावा पाय गुडघ्यापासून गेला.

आणि चौकशीत तुम्ही काय सांगितलंत? "तपासणी यानेच केली साहेब, झेंडा याच्याकडेच होता." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. खलास, विसा कॅन्सल, मी घरी. मामी माझ्या घरचं पाणी घेईना.

पुढे दुसऱ्या कंपनीतून मी परत इकडे आखातात आलो. आता नव्या लोकांना खडक तपासायला मीच शिकवतो. पहिल्या दिवशी ताट, साखर, रवा, आणि मग तुमची गोष्ट, नावागावासकट. दर तुकडीसमोर तुमचा पंचनामा करतो मी, आणि सांगू? फार बरं वाटतं. यंदाच्या तुकडीत तुमचा मुलगा आहे. तेच कान, उभं राहायची तीच तऱ्हा. आज नावं नोंदवताना जवळ येऊन म्हणाला, "सर, माझे बाबा रास अल खैमाला होते. तुम्ही ओळखत होता का त्यांना?" मी म्हटलं, "उद्या सांगतो. सगळ्यांसमोर." याच दिवसाची तर वाट बघत होतो, मास्तर.

म्हणून आत्ता ताट पुढ्यात घेऊन बसलोय. मुलगी डोकावली, "बाबा, नॉट अगेन!" म्हणून निघून गेली. हा कागद कुठे पाठवायचा नाही. उद्या काय बोलायचं ते नीट ठरवावं म्हणून लिहायला घेतला, आणि झेंड्यापाशी येऊन अडलो. वर लिहिलंय, तुम्ही हिसकावलात. मामीला, प्रत्येक तुकडीला मी तेच सांगत आलो. तुम्हाला माफी नाही, ती कधीच मिळायची नाही. पण तुम्ही हिसकावला नव्हतात. सगळे हसत होते, तुम्ही नुसता हात पुढे केलात, आणि मी दिला.