डाव्या पायाचा आवाज

अण्णा,

आज वर्कशॉपमधली सगळी मशिनं मी बंद करायला लावली आणि माणसांना जेवायला लवकर पाठवलं. फोन वाजला तर ऐकू यावा म्हणून. खरं तर फोन मला मशिनं चालू असतानाही ऐकू येतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पण आज शांतता हवी होती. सकाळी तुमच्या नातीच्या गुडघ्याचा एमआरआय झाला. डॉक्टर म्हणाले, दुपारी कळवतो. दुपार झालीय. फोन टेबलावर उताणा पडलाय आणि मी त्याच्याकडे बघायचं नाही म्हणून तुम्हाला लिहायला बसलोय. घाबरलोय, अण्णा. या देशात परक्याची नोकरी सोडून स्वतःचं दुकान टाकलं तेव्हाही एवढा घाबरलो नव्हतो.

तुम्ही तिला पाहिलं नाहीत. सतरा वर्षांची आहे, आपल्या घराण्यात कुणी नव्हतं एवढी उंच, आणि व्हॉलीबॉलमध्ये सेटर आहे. म्हणजे स्वतः न मारता दुसरीनं मारावं म्हणून चेंडू उचलून देणारी. शाळेच्या मागच्या मैदानावर दोन बांबूंना जाळी बांधून तुम्ही आम्हाला शिकवलात तोच खेळ. "मारणाऱ्याचं नाव होतं, देणाऱ्याचं फक्त काम होतं," असं तुम्ही म्हणायचात. मी तिला हे सांगितलं तेव्हा तिनं ते इंग्रजीत करून आपल्या फोनवर लिहून ठेवलं. खाली तुमचं नाव म्हणून 'आजोबा' एवढंच.

आता इथल्या एका कॉलेजचं सांगतो, कारण त्याशिवाय तुम्हाला माझी भीती कळायची नाही. मी त्या कॉलेजात शिकलो नाही. मी कुठल्याच कॉलेजात धड शिकलो नाही, ते तुम्हाला माहीत आहे. मिशिगनमध्ये आलो त्या पहिल्या हिवाळ्यात कारखान्यातल्या फोरमननं एक जादाचं तिकीट हातात ठेवलं आणि म्हणाला, जा, निदान हॉलमध्ये हीटर तरी असेल. गेलो. मुलींचा सामना होता. आत शिरलो आणि शिट्टी ऐकली, मग लाकडी फरशीवर बुटांची किरकिर, मग चेंडू हाताच्या तळव्यावर बसल्याचा तो आवाज. अण्णा, मी वरच्या रांगेत बसून रडलो होतो. त्या दिवसापासून ते कॉलेज माझं झालं. घरचा एक सामना चुकवला नाही. लग्नानंतर तुमची सून म्हणाली, "मला वाटलं होतं मला एक सासर आहे. इथे तर दोन निघाली." माझ्या शेजारच्या खुर्चीवर कायम एक निवृत्त पोस्टबाई बसते, तिनं मला पहिल्या वर्षी विचारलं होतं, तू कुठल्या वर्षीचा पदवीधर? मी म्हटलं, मॅडम, माझा अर्ज अजून विचाराधीन आहे. ती अजून हा विनोद दर नव्या माणसाला सांगते.

इथली कॉलेजं खेळाडूंची वाट बघत बसत नाहीत, त्यांना शोधून आणतात. प्रशिक्षक गावोगाव फिरतात, पंधरा-सोळा वर्षांच्या पोरींचे व्हिडिओ बघतात, आईबापांच्या घरी येऊन बसतात, फी माफ करतात. मुलगी आधी तोंडी होकार देते, आणि शाळेच्या शेवटच्या वर्षी ठरलेल्या दिवशी सही करते. या दोन्हींच्या मधला जो काळ असतो, त्याच्यावर माझ्यासारखे हजारो रिकामटेकडे जगतात. आमची एक वेबसाइट आहे. कोण कुठे चाललीय, कोणाचा होकार डळमळतोय, कोणाची उंची खरी आणि कोणाची बुटांसकट, सगळं तिथे चघळलं जातं. मी तिथे टोपणनावानं लिहायचो आणि माझा शब्द चालायचा. बाकीचे व्हिडिओ बघतात, मी ऐकतो. कोणाच्या हातून चेंडू स्वच्छ सुटतो, कोण उतरताना जड पडते, हे आवाज बंद ठेवून बघणाऱ्याला कधी कळतच नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्याच कॉलेजनं तुमच्या नातीला बोलावलं. मी काही केलं नाही, शपथेवर सांगतो. करता येतही नाही. चाहत्यांनी खेळाडूंशी संपर्क करायचा नाही, असे कडक नियम आहेत. मी तर बायकोला विचारलं होतं, आता मी हिच्याशी जेवताना बोललेलं चालेल ना? पोरीनं कॉलेजला होकार दिला त्या दिवशी मी वेबसाइटवर लिहिणं बंद केलं. वाचणं नाही बंद केलं. तिथे कुणालाच माहीत नव्हतं की बाप वाचतोय. आमच्या गावाचं नाव घेऊन एकानं लिहिलं होतं, ट्रॉयची ती सेटर, तिचे हात मऊ आहेत. मी ते वाक्य इतक्यांदा वाचलं की तुमच्या सुनेनं लॅपटॉपच मिटला.

आणि मग सप्टेंबरात मी ते ऐकलं. तिच्या क्लबचा सराव चालू होता. मी बाकावर बसून एका गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत होतो, कोर्टाकडे पाठ होती. ती जाळीपाशी उडी मारून उतरते तेव्हा दोन्ही पाय एकदम टेकतात, हे मला झोपेतही ओळखता येईल. त्या दिवशी टेकले नाहीत. आधी उजवा, मग डावा. मध्ये फट होती, केसाएवढी. मी गिऱ्हाइकाला म्हटलं, नंतर बोलतो. वळून पाहिलं तर सगळं ठीक दिसत होतं. ती हसत होती. प्रशिक्षक टाळ्या देत होती. मी पुन्हा पाठ केली. पुन्हा तेच. आधी उजवा, मग डावा.

तेव्हा मला तुमची ती कवायत आठवली. सव्वीस जानेवारीच्या आधीची तालीम. तुम्ही नेहमीसारखे संचलनाकडे पाठ करून उभे आहात, शिट्टी तोंडात, आणि मी तुमच्या शेजारी, कारण ताप येऊन गेला म्हणून मला रांगेतून काढलंय. पाच-सहा वेळा तुम्ही पोरांना फिरवलंत. मला ऐकू येत होतं की तिसऱ्या रांगेत एकाचा पाय मागे पडतोय. तुम्ही काही बोलत नाही असं बघून मीच ओरडलो, अण्णा, तो, तिसऱ्या रांगेतला! सगळी शाळा थांबली. तो मुलगा लाल झाला. त्यानं थोरल्या भावाचे बूट घातले होते आणि टाचा सोलून निघाल्या होत्या. तुम्हाला ते आधीच माहीत होतं. तुम्ही मला मारलं नाहीत.  मग घरी चुलीपाशी आई भाकरी थापत असताना म्हणालात, "ऐकू येणं ही काही तुझी कमाई नाही. ऐकलेलं कुठे ठेवायचं, ती कमाई."

तेवढ्या एका वाक्यावर मी धंदा केला, अण्णा; मशीनचा बिघाड आवाजावरून कळला तरी गिऱ्हाइकाला कधी सांगायचा ते जपून ठरवलं. पण या वेळी कुठे ठेवायचं ते कळेना. त्या संध्याकाळी ती जिना उतरत होती आणि मी स्वयंपाकघरात ताट मांडत होतो. जिन्यावरही तेच. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "पाय दुखतोय का गं?"

"नो. व्हाय?"

"उगीच."

"बाबा, प्लीज. स्टॉप लिसनिंग टू मी लाइक आय ॲम अ मशीन."

तुमची सून म्हणाली, "तुम्हाला भुतं ऐकू यायला लागलीत." मी हसलो. पण ज्याला कमी माहीत असतं त्याची भीती कमी असते. मला सगळं माहीत होतं. त्या कॉलेजचा गेल्या कित्येक वर्षांचा इतिहास मला पाठ आहे. कुठल्या मुलीचा गुडघा गेला, कुठली वर्षभर बाकावर बसून परत उभी राहिली, आणि कुठल्या मुलीचं नाव सहीच्या आधी यादीतून नाहीसं झालं, तेही. ओहायोची एक होती. मी स्वतः तेव्हा वेबसाइटवर लिहिलं होतं की वाईट वाटतं, पण जागा अडवून ठेवण्यात अर्थ नाही. त्या मुलीलाही घरी कुणीतरी ऐकत असेल, हे तेव्हा मनात आलं नव्हतं.

ऑक्टोबरात त्यांनी तिला घरच्या सामन्याला बोलावलं. होकार दिलेल्या मुलींना पुढच्या रांगेत बसवतात. ती आणि मी गेलो. माझी पोस्टबाई तिच्या जागेवरून उठून खाली आली, तिला कळलं होतं. "इतकी वर्षं शेजारी बसतोस आणि सांगितलं नाहीस, लबाडा!" असं म्हणून तिनं मला मिठी मारली. मग तुमच्या नातीचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, "हनी, मी ऐंशीच्या घरात आहे. तुझी चारही वर्षं बघणार आहे, तेवढं मला दे." पोरगी हसली. मी तिच्या बाजूला होतो म्हणून मला ऐकू आलं, तिचा श्वास मध्येच अडकला.

परतताना हायवेवर ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "यू हर्ड इट, राइट?"

"हो."

"कधीपासून?"

"सप्टेंबर."

"मला ऑगस्टपासून माहीत आहे." ती मराठीत बोलायला लागली की समजायचं, प्रकरण खरं आहे. "टूर्नामेंटमध्ये मी दुसरीच्या पायावर उतरले. गुडघा सरकल्यासारखा वाटला. मग सुजला. मग सूज उतरली. बाबा, सही होईपर्यंत कुणाला सांगू नका. नंतर ते काढून नाही घेऊ शकत. तुम्हीच सांगता ना हे सगळं."

मीच सांगतो. जेवताना, गाडीत, पाहुण्यांसमोर. आणि ती म्हणत होती त्यात खोट काही नव्हती. धंद्यातल्या माणसाला मी हाच सल्ला दिला असता, आधी कागद हातात घे. माझ्या तोंडावर ते आलं होतं, अण्णा. दोन-तीन एक्झिट मागे गेल्या तरी मी ते तोंडात धरून बसलो होतो. मग मी म्हटलं, "मी कुणाला सांगणार नाही. पाय तुझा आहे. पण एमआरआय होईपर्यंत तू उडी मारायची नाहीस. एकसुद्धा नाही."

"उडी नाही मारली तर कोचला कळेल."

"कळेल."

ती रडली. लहानपणी रडायची तशी, आवाज न करता. ते मला कधीच ऐकू येत नाही, बघावं लागतं.

दुसऱ्या दिवशी किराणा आणायला गेलो होतो. दुकानाच्या पार्किंगमध्ये ती म्हणाली, "तुम्ही खाली उतरा." मी उतरलो. तिनं काच वर केली आणि कॉलेजच्या कोचला फोन लावला. वारा होता, कोथिंबीर आणि दुधाच्या पिशव्या हातात घेऊन मी उभा. आयुष्यात पहिल्यांदा एका काचेपलीकडचं मला काही ऐकू आलं नाही. नुसते ओठ हलताना दिसत होते. मध्येच ती मान हलवायची, जशी तुम्ही हेडमास्तरांपुढे हलवायचात. काच खाली झाली तेव्हा तिचा चेहरा कोरा होता.

"काय म्हणाली?"

"गुडघ्याचा फोटो काढून घे. मग बोलू."

"हेच शब्द? 'आपण बोलू' म्हणाली, की 'मी बोलेन'?"

"बाबा!"

या कोचच्या मी इतक्या मुलाखती ऐकल्यात की ती कुणाला धरते आणि कुणाला सोडते ते मला तिच्या आवाजावरून सांगता येतं. पण आवाज माझ्या वाट्याला आला नव्हता. पिशव्या डिकीत ठेवल्या आणि माझा चेहरा तिला दिसू नये म्हणून मी उगीच डिकीत काहीतरी शोधत राहिलो.

तुम्ही असतात तर तुम्हाला विचारलं असतं, मी बरोबर केलं का. ऐकलेलं मी योग्य जागी ठेवलं की फक्त तिच्या खांद्यावर टाकलं. तुम्ही नुसते शिट्टी पुसत बसला असतात. त्यामुळे हे लिहून पूर्ण झालं की ज्या ड्रॉवरमध्ये बंद पडलेली मोजमापाची हत्यारं ठेवतो तिथे ठेवून देईन. कुणाला दाखवण्यासारखं नाही, कारण एक गोष्ट अजून उरलीय.

त्या दिवशी घरी आल्यावर ती वर खोलीत गेली. तुमची सून तिच्या मागे गेली. मीही जाणार होतो. पण आधी गॅरेजमध्ये गाडीत बसलो आणि फोनवर ती वेबसाइट उघडली. कॉलेजला दुसरी सेटर मिळण्यासारखी आहे का, ते बघायला. मी स्वतःला म्हटलं, धोका किती आहे ते माहीत असावं. इंडियानाची एक मुलगी होती, अजून कुठेही होकार न दिलेली. व्हिडिओ लावला. आवाज मोठा केला. अण्णा, मुलगी उत्तम आहे. एक क्षणभर माझ्या मनात आलं, कॉलेजनं हिला सोडू नये. एका क्षणापुरताच तो विचार होता, पण तो माझ्याच घरात, माझ्याच गाडीत, माझी पोर डोक्यावरच्या खोलीत असताना आला. गुडघ्यात काय निघेल याची मला भीती वाटतेच. पण गेले काही दिवस तिच्यासमोर जेवायला बसणं टाळतो ते त्या एका क्षणामुळे.

फोन अजून वाजला नाही. आज सकाळी ती आत एमआरआयला गेली होती तेव्हा मी बाहेर खुर्चीवर बसून तो व्हिडिओ पुन्हा एकदा बघितला.