शेवटची ओळ वाचणारे डोळे

बुधवार, १४ ऑक्टोबर
सकाळचे सव्वादहा

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. इकडे आम्ही ठीक आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा दुखतो, तो तिच्याइतकाच हट्टी आहे. नऊ वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर पाहून तू ते न उघडता फेकलं नाहीस, असं धरून चालतो. पत्राचं कारण पहिल्याच ओळीत लिहायला हवं होतं, हे मला कळतं. पण तू मला ओळखतोस. कुठला स्क्रू कुठल्या मापाचा हे सांगितल्याशिवाय मला गिऱ्हाइकाच्या हातात चष्मा देता येत नाही.

गेल्या हिवाळ्यापासून दुकानाच्या मागच्या खोलीत माझा खांदा दाराच्या चौकटीला लागायला लागला. तीच अंधारी खोली, जिथे एकाच दिव्यापुढे काच धरून आपण ओरखडे शोधायचो. मी लगेच तक्त्यासमोर बसलो. शेवटची ओळ, एकेक डोळा झाकून, एकही अक्षर न चुकता. म्हटलं, डोळे उत्तम आहेत, जीवनसत्त्व कमी पडत असेल. तीन महिने गाजरं खाल्ली. वहिनी म्हणाली, "आता कान लांब व्हायचे तेवढे बाकी आहेत," आणि मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाई माझ्या निम्म्या वयाच्या. त्यांनी एका अर्धगोल भांड्यात माझं डोकं ठेवलं आणि ठिपका दिसला की बटण दाबा म्हणाल्या. निकालाच्या कागदावर सगळं काळं, म्हणजे न दिसलेलं, आणि मधे रुपयाएवढं पांढरं. मी सांगितलं, तुमचं यंत्र बिघडलंय. त्यांनी न रागावता पुन्हा तपासलं. पुन्हा तेच. मग मी हनुवटीचा टेकू दोन मिलिमीटर खाली आहे हे दाखवून दिलं. त्यांनी तो वर घेतला. तिसऱ्यांदाही तेच.

त्यांच्याकडून जाड पुस्तक मागून आणलं आणि तीन आठवडे शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. डोळ्याच्या पडद्यात काठीसारख्या पेशी असतात, मंद उजेडासाठी. त्यांत ऱ्होडॉप्सिन नावाचं प्रथिन असतं आणि त्याच्या पोटात 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेला एक वाकडा तुकडा. उजेडाचा कण लागला की तो तुकडा सरळ होतो. त्यानं प्रथिनाचा आकार बदलतो, ते शेजारच्या प्रथिनांना जागं करतं, ती पुढच्यांना, आणि शेवटी पेशीच्या अंगावरची बारीक दारं बंद होतात. खरी गंमत पुढेच आहे. अंधारात ही दारं उघडी असतात आणि पेशी सारखी निरोप पाठवत असते. उजेड पडला की ते निरोप कमी होतात. म्हणजे उजेड आल्याची खबर पोचते ती पेशी बोलली म्हणून नव्हे, गप्प झाली म्हणून.

हे पान मी चार वेळा वाचलं. चौथ्यांदा तू आठवलास. दिवसभर बडबडायचास, आणि मग एका दिवसापासून गप्प झालास. मी समजलो, चला, दुकानात शांतता झाली. मग तू दुकानच सोडलंस.

बाई म्हणतात, आपल्या घराण्यात या प्रथिनाची घडीच चुकीची पडते. गाजरं खाऊन ती सुधारत नाही. चुकीचा माल साठत जातो आणि पेशी मरतात. आधी मंद उजेडातलं दिसणं जातं, मग कडेचं. मधलं शेवटपर्यंत टिकतं, आणि आपला तक्ता फक्त मधलंच तपासतो. दोष आईकडून आला असावा. संध्याकाळ झाली की ती उंबऱ्याबाहेर पडायची नाही, आणि आपण तिला घरकोंबडी म्हणायचो. आईकडून प्रत्येक मुलाकडे तो येण्याची शक्यता निम्मी. एकाला लवकर जाणवतो, एकाला उशिरा.

आता नऊ वर्षांपूर्वीचा तो दिवस. तू उजेडातून मागच्या खोलीत शिरलास, स्टुलाला अडखळलास आणि छत्तीस काचांचा ट्रे खाली गेला. मी तुला चार गिऱ्हाइकांदेखत तक्त्यासमोर बसवलं, भरपूर उजेडात. तू शेवटची ओळ घडाघडा वाचलीस. मी म्हणालो, "डोळे ठणठणीत आहेत. डोकंच ठिकाणावर नाही." गिऱ्हाइकं हसली. तू म्हणालास, "दादा, मला खरंच स्टूल दिसलं नाही." एवढंच. आणि मी म्हणालो, मला डोळे शिकवू नकोस.

तू खरं सांगत होतास. परीक्षाच चुकीची होती, आणि ती मी घेतली होती.

आता कारण. परवा तुझी बायको वहिनीशी फोनवर हसत सांगत होती, की या महिन्यात तू कारखान्याची बस दोनदा फाटकाच्या खांबाला घासलीस, दोन्ही वेळा पाळी सुटल्यावर, दिवे लागता लागता. वहिनीही हसली. मला त्या रात्री झोप आली नाही. त्या बसमध्ये चाळीस माणसं असतात, आणि एकवीस वर्षांची तुझी मुलगीही त्याच बसनं येते. तिचेही डोळे तपासायचे आहेत. नंबर काढून भागणार नाही. भांड्यात डोकं ठेवून, बटण दाबून.

इथवर लिहून मी दोनदा उठलो. राहिलेलं लिहितो.

आज सकाळी नऊला मी तुमच्या कारखान्याच्या वाहतूक साहेबांना फोन केला. कोण बोलतोय ते सांगितलं, आणि तपासणी होईपर्यंत तुला संध्याकाळची बस देऊ नका म्हणालो. आधी तुलाच फोन करणार होतो. धीर झाला नाही, आणि तू उचलला नसतास तर आज संध्याकाळची फेरी थांबली नसती. साहेबांच्या खोलीत आणखी माणसं होती. मला ऐकू येत होतं. म्हणजे पत्र पोचायच्या आधीच तुला सगळं कळलेलं असेल, आणि पुन्हा चारचौघांत.

माफी मागत नाही. फोन पुन्हा करावा लागला तर पुन्हा करेन. माफी त्या ट्रेच्या दिवसाची मागतो, ती वेगळी.

बाईंचा पत्ता सोबत जोडला आहे. कागदावर सगळं पांढरं आलं, तर तो घेऊन भर दुपारी, गर्दीच्या वेळी दुकानात ये आणि सगळ्यांसमोर मला वाचायला लाव. मी वाट पाहतोय, मी खोटा ठरण्याची.

तुझा,
दादा