डावं फूल

बडोदे,
सोमवार, दुपार

प्रिय मुगू,

रिक्षाने वीस मिनिटांवर राहणाऱ्या मुलीला बापाने पत्र लिहायला घेतलं, म्हणजे एकतर फोन बिघडलाय नाहीतर डोकं, असं तुला वाटणार. फोन ठणठणीत आहे. डोक्याचं काय ते तू पत्र संपल्यावर ठरव. गेल्या आठवड्यात दोनदा वासण्याला आलो, तुझ्या हातचा चहा प्यायलो आणि जे बोलायचं होतं ते न बोलताच परतलो. दुसऱ्या वेळी तर कुणालला गॅसची नळी बदलायची आठवण करून देऊन उठलो. तू समोर बसलीस की माझी जीभ टाळूला चिकटते. हात मात्र अजून सरळ चालतो. चौतीस वर्षं गोरव्याच्या कारखान्यात नकाशे काढण्यात गेली, तेव्हा म्हटलं, कागदावरच काढू.

तुला सातवा लागल्यापासून तुझ्या आईचे पाय जमिनीवर नाहीत. हिरवं लुगडं आणून झालं, आता त्याच्या काठावरून तिचं स्वतःशीच भांडण चालू आहे. त्यात परवा कुणालच्या बांचा फोन आला. त्या आपल्या नेहमीच्या ठसक्यात म्हणाल्या, "स्नेहलताबेन, मुग्धानो खोळो तो मगरवाळी मा ने त्यां ज भरवो छे, बीजे क्यांय नहीं." म्हणजे ओटी भरायची ती नदीवरच्या देवीसमोरच. तुझ्या आईला तर आभाळ ठेंगणं झालं. दोन्ही विहिणींचं एकमत झालेला हा बहुधा पहिलाच प्रसंग. येता शुक्रवार ठरला, आणि तो नेमका आपल्या घराच्या पूजेचा वार. मग आईने तुला फोन लावला. मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो. तुझा आवाज स्पीकरवर होता. तू म्हणालीस, "आई, तिने एकदा नाही म्हटलंय. तिच्या दारात आता बाळ घेऊन कशाला जाऊ?" त्यानंतर पेपरातलं एक अक्षर माझ्या डोक्यात शिरलं नाही.

देवळाचं तुला सगळं माहीत आहे, तरी मला थोडं सांगू दे. म्हातारा माणूस आहे, रांगेने आलं नाही तर मला पुढचं सुचत नाही. खालचा भाग वालुकाश्माचा, दाराच्या चौकटीवर वेलबुट्टी, ती कुठल्या तरी जुन्या गुजराती देवळातून उचलून आणलेली. वरचं शिखर मात्र विटा आणि चुन्याचं, आपल्या वळणाचं, कोनाड्या-कोनाड्यांत चुन्यात घडवलेले साधू आणि वाघ. पुढे लाकडी खांबांचा सभामंडप आणि अंगणात दीपमाळ. तुझे खापरपणजोबा भास्करराव संस्थानच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, त्यांनी शिखर पुन्हा उभारलं तेव्हाची ती दीपमाळ. खाली गुजराती आणि वर मराठी असं देऊळ बडोद्याशिवाय कुठे उभं राहणार! तुझ्या लग्नानंतर मी कुणालला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पपा, एटले पायो अमारो." पाया आमचा म्हणे! बेटा हजरजबाबी आहे. मला तो तेव्हाच आवडला होता. कबूल करायला मी पुढे दोन वर्षं घेतली.

तुमची ओळखसुद्धा त्याच गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर झाली ना? देवीच्या पायाखाली कोण, यावरून. आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो की ती महिषमर्दिनी, पायाखाली रेडा. पण पुराने आणि अभिषेकाने रेड्याची शिंगं झिजली, तोंड लांबट दिसू लागलं, आणि विश्वामित्री नदीत मगरी पाहून मोठ्या झालेल्या लोकांनी ठरवलं की ही मगर. मग देवी झाली मगरवाळी मा. तू कॉलेजातून येऊन तावातावाने सांगत होतीस की एक मुलगा रेड्याला मगर म्हणतो. महिन्याभराने तूच म्हणालीस, "बाबा, नीट बघितलं तर शेपूट मगरीसारखंच आहे." तेव्हाच मी मनाशी म्हटलं, ज्या मुलीने आपला रेडा सोडला, ती आणखी काय काय सोडेल!

आता दोन हजार पाचचा पूर आठव. तू पंधरा वर्षांची होतीस. पाणी ओसरल्यावर ट्रस्टच्या पिलाजीरावांनी मला देवळाची मापं घ्यायला सांगितलं, आणि तू सुट्टी असल्याने फितीचं दुसरं टोक धरायला आलीस. तीन दिवस आपण दोघं चिखलात. घाटाच्या एकोणीस पायऱ्या, त्यातल्या खालच्या सात गाळात. बाराव्या पायरीवर एक मगर ऊन खात पडली होती, आणि तू तिला लांबूनच विचारलंस की काकू, जरा सरकता का, माप घ्यायचंय. मी आकडे सांगायचो आणि तू तुझ्या त्या गोल गोल अक्षरात वहीत उतरवायचीस. ओळंबा कसा सोडायचा, पाणसळीतला बुडबुडा मधोमध कसा आणायचा, सगळं तुला शिकवलं. माझ्या आयुष्यातले ते तीन दिवस फार सुखाचे होते. तुला मी हे कधी सांगितलं नाही, म्हणून आत्ता सांगतो.

त्यानंतर दहा वर्षांनी तू कुणालचं नाव घरात काढलंस. आईने देव्हाऱ्याकडे बघितलं, मी पंख्याकडे. त्या घरात वाईट काही नव्हतं. शिकलेली माणसं, मुलगा गुणी, तू खूश. मग मी म्हणालो की आपण देवीला कौल लावू, ती सांगेल ते मान्य. भास्करराव राजापुराकडून येताना भांड्याकुंड्यांबरोबर ही रीतही घेऊन आले होते. तगरीची दोन ओली फुलं देवीच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवायची आणि मनातलं विचारायचं. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. देवीचं उजवं, आपलं नव्हे; लहानपणी तुझा यात नेहमी घोळ व्हायचा. तू त्या दिवशी पिवळा ड्रेस घातला होतास आणि हसत होतीस. तुझी खात्रीच होती. देवी लहानपणापासून तुझी मैत्रीण, ती कशाला नाही म्हणेल? दोन मिनिटंही झाली नसतील, डावं फूल घसरून पायाशी पडलं. तू रडली नाहीस. फूल उचललंस, पुन्हा देवीच्या पायावर ठेवलंस आणि बाहेर येऊन दीपमाळेपाशी उभी राहिलीस.

तरी तू लग्न केलंस, आणि बरं केलंस. रजिस्टर कचेरीत साक्षीदार म्हणून मी सही केली, माझ्या नेहमीच्या सहीपेक्षा ती जरा वाकडी आली. पण त्या दिवसापासून तू गाभाऱ्यात पाऊल टाकलं नाहीस. दर नवरात्रात आईला सोडायला येतेस, गाडी लावतेस आणि दीपमाळेपाशी थांबतेस. आम्ही आतून प्रसाद आणून तुझ्या हातावर ठेवतो. मी मनाशी म्हणायचो, हिचा राग आहे, जाईल हळूहळू. चार वर्षांपूर्वी तुझं बाळ गेलं तेव्हा कळलं की तो राग नव्हता. दवाखान्यात तू आईचा हात धरून म्हणालीस, "देवीने आधीच सांगितलं होतं ना. मीच ऐकलं नाही." मी पायथ्याशी उभा होतो. तुझ्या पांघरुणाचा कोपरा सारखा करत होतो. त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं, मुगू. मी पांघरूण सारखं करत राहिलो.

मग दोन हजार चोवीसच्या गोकुळाष्टमीच्या मोठ्या पुरात देवीच्या गळ्यापर्यंत पाणी चढलं; देऊळ पाण्यात उभं असलेलं तू अकोट्याच्या पुलावरून बघितलंस. दीपमाळेवरच्या जुन्या पुरांच्या खुणा तर सगळ्या बुडाल्या. त्यानंतर वर्षभर दुरुस्ती चालली. ट्रस्टने कोमल नावाची एक आर्किटेक्ट मुलगी बोलावली. जुनी देवळं दुरुस्त करणं हेच तिचं काम. अंगाने एवढीशी, पण गवंड्यांना असं कामाला लावते की बघत राहावं. पहिल्याच आठवड्यात तिने देवीच्या आसनावर यंत्र ठेवलं, लाल रेघ भिंतीवर पडली, आणि ती म्हणाली, "काका, आसन नदीकडे कललंय. दोन फुटांत अठरा मिलिमीटर." देवीचं तोंड उत्तरेला, नदी पश्चिमेला, म्हणजे तिच्या डाव्या हाताला. कोमलला कुणीतरी कौलाची रीत सांगितली होती. ती खळखळून हसली आणि म्हणाली, "अरे बाप रे, म्हणजे ही बिचारी इतकी वर्षं सगळ्यांना नाहीच म्हणत होती!" सगळे हसले. पिलाजीरावांच्या मुलाला दुकान नको म्हणाली होती, कुणाला परदेश नको म्हणाली होती. सगळ्यांना वाटायचं, देवी अलीकडे फार कडक झाली आहे. ती नुसती कलली होती. या थंडीत आसन उचलून खाली नवा चुना भरला. आता तिथे पाणसळ ठेव, बुडबुडा मधोमध उभा राहतो.

इथे पत्र संपवलं असतं तर मी सुटलो असतो. तू म्हणाली असतीस, चला, चूक जमिनीची. तुझ्या आईला मी एवढंच सांगितलंय, आणि ती तुला कधीची सांगायला निघाली आहे. तुला सांगताना अर्धं सांगू नये म्हणून मी तिला थांबवलं. यंत्र बघून कोमल हसली तेव्हा मला हसू आलं नाही, कारण मला ते ठाऊक होतं. सोबत एक कागद ठेवला आहे, तो उघड. आपण पुरानंतर काढलेल्या मापांच्या वहीचं पान आहे. वरून सहावी ओळ: आसन, पश्चिमेकडे उतार, दोन फुटांत १८ मिमी. अक्षर तुझं आहे, ते गोल गोल आकडे बघ. मी सांगितलं आणि तू लिहिलंस. मूळ आसन हलवायचं नाही असं तेव्हा पिलाजीराव म्हणाले, म्हणून ते तसंच राहिलं. तू पंधरा वर्षांची होतीस, विसरलीस. मी नकाशे काढणारा माणूस, मी कसा विसरेन? कौल लावू असं मी म्हणालो तेव्हा फूल कोणत्या बाजूला पडणार हे त्या गाभाऱ्यात एका माणसाला माहीत होतं. का केलं, याला चांगलं कारण नाही. तू दुसऱ्या भाषेच्या घरात गेलीस की आपल्याकडची बोली सुटेल, नातवंडं मला नाना म्हणतील की आजोबा, असली क्षुल्लक भीती. ती तुला तोंडावर सांगितली असती तर तू भांडली असतीस आणि जिंकली असतीस. मला वाईटही व्हायचं नव्हतं आणि हरायचंही नव्हतं. म्हणून माझ्या वाटचा वाईटपणा मी देवीच्या पदरात टाकला, आणि तू दहा वर्षं तो स्वतःच्या डोक्यावर वाहिलास. बाळ गेलं त्यात तुझा काही दोष नव्हता, पोरी. देवीने तुला कधीच नाही म्हटलं नाही. मी म्हटलं. कुणालला हे पत्र दाखव. तो रागावला तर त्याचा हक्क आहे, आणि शुक्रवारी मला चार शब्द सुनावणार असेल तर आईसमोर सुनावू दे, तिलाही कळायचंच आहे. आसन सरळ झाल्यावर सगळे म्हणाले, विश्वंभरराव, एकदा कौल लावून बघा. मी लावला नाही. त्या देवीला काही विचारायचं तोंड मला राहिलेलं नाही, आणि तुला तिला काही विचारायची गरज नाही. शुक्रवारी हिरवं लुगडं नेसून ये. बा आणि आई तुला आत नेतील. ज्या दीपमाळेपाशी तू दहा वर्षं उभी राहिलीस, तिथे त्या दिवशी मी उभा राहीन. प्रसाद बाहेर आणून दिलास तर हात पुढे करीन. आत ये म्हणालीस तरच येईन.

तुझाच,
फितीचं दुसरं टोक धरून उभा असलेला,
बाबा