टंचाई कक्षाचा फोन कपाटातून बाहेर काढणेबाबत

दिनांक : ११ जानेवारी २०१६

प्रति,
मा. तहसीलदार साहेब,
तहसील कार्यालय, धानोरखेड,
जि. लातूर.

विषय : टँकरची वेळ फोनवर कळत नसल्याने दहावीच्या विद्यार्थिनीची शाळा बुडत असल्याबाबत.

संदर्भ : (१) मी आपल्या कार्यालयास केलेले एकतीस फोन.
(२) कारकून श्री. ज्ञानोबा यांचा शुक्रवारचा तोंडी आदेश : "पुन्हा हितं पाऊल टाकलंस तर बघ."

महोदय,

आपण आपल्याच कार्यालयाला कधी फोन लावून पाहिला आहे का?

प्रश्न उद्धटपणाचा वाटेल. परंतु माझ्या मैत्रिणी सिंधु व शिवगंगा यांनी "पयल्याच ओळीत इचारून दाखव, तर मानू तुला" असे म्हटल्याने विचारणे भाग पडले. आता विचारलाच आहे, तर उत्तरही मिळावे ही विनंती.

१. मी कु. पंचशीला भुजंग सोनकांबळे, मौजे वाघदरी, इयत्ता दहावी. आमच्या गावी एक दिवसाआड टँकर येतो. तो सकाळी आठला येणार की दुपारी तीनला, हे टँकरलाही माहीत नसते. आई रोजगार हमीच्या कामावर जाते. बाबांना सध्या काम नाही, परंतु पुरुषमाणसाने हंडा धरला तर गाव हसते, असे त्यांचे म्हणणे असल्याने ते पारावर बसतात. उरले मी. त्यामुळे माझी हजेरी कमी भरली असून, आणखी एक आठवडा बुडाला तर परीक्षेचे हॉल तिकीट अडकेल, असे मुख्याध्यापकांनी बजावले आहे.

२. टँकर कधी निघाला हे विचारण्यासाठी आपल्या टंचाई कक्षाचा नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवलेला आहे. आपला तालुका नवा जिल्हा होणार म्हणून त्या फोनला निरोप साठवणारे यंत्रही जोडले आहे, असे समजते. जिल्हा व्हायचा तेव्हा होवो, निरोप मात्र नुसते साठून राहिले आहेत. फोन लावला की आवाज येतो : "नमस्कार. हा टंचाई कक्ष आहे. आपला निरोप... अरे व्यंकटी, कुत्रं आलं बघ आत, हाकल की!" मग शिट्टी वाजते आणि "जागा शिल्लक नाही" असे कळते. आमच्या शेजारच्या धोंडाबाईंना हे यंत्र आहे हे पटत नाही. त्या रोज फोन करून "गेलं का रं कुत्रं भाईर?" असे विचारतात.

३. आमची शाळा धानोरखेडलाच असल्याने शुक्रवारी आम्ही तिघी मधल्या सुट्टीत स्वतः कार्यालयात आलो. शिवगंगाने तिथूनच आपला नंबर लावला. टेबलावर फोन नव्हता. कोपऱ्यातले लोखंडी कपाट वाजायला लागले. शिपाई श्री. व्यंकटी काका म्हणाले, "धूळ बसती म्हणून आत ठिवलाय. महागाची वस्तू हाय, पोरी." किल्ली कोणाकडे, हे शोधण्यात वीस मिनिटे गेली. ती काकांच्याच करदोड्याला निघाली.

४. यंत्रावर दिवा लुकलुकत होता, पण निरोप ऐकण्याचे बटण दबत नव्हते. बारकाईने पाहता त्याच्या फटीत कुंकू आणि तांदूळ घट्ट बसलेले दिसले. खंडेनवमीला सर्व यंत्रांची पूजा झाली, तेव्हा यालाही ओल्या कुंकवाचे बोट आणि अक्षता मिळाल्याचे काकांनी सांगितले. म्हणजे दसऱ्यापासून हे यंत्र देवासारखे सगळ्यांचे ऐकते आणि कोणाला काही सांगत नाही. मी केसातली पिन काढून सात तांदूळ बाहेर काढले. ही शासकीय मालमत्तेशी छेडछाड असल्यास मान्य आहे. तांदूळ सोबत जोडले आहेत.

५. बटण दबले आणि निरोप मोठ्याने सुरू झाले. बारा वेळा धोंडाबाई. एका गावच्या सरपंचांनी आपल्याविषयी काढलेले उद्गार मी येथे लिहीत नाही. ज्ञानोबा साहेबांना पाठ झाले असतील, कारण ते त्याच वेळी आत आले. त्यानंतर माझ्या आईचा आवाज आला.

घरी आई मला म्हणते, "शाळा कुठं पळून चालली का? पाणी पळून चाललंय." पण यंत्रात ती म्हणत होती : "साहेब, मी वाघदरीची चांगुणा. टँकरचा येक टाइम सांगा जी. पोरगी लई हुशार हाय माझी, शाळा बुडून राहिली तिची. मला रातीला झोप येईना. आन् तिला सांगू नका मी फोन केला म्हणून, डोक्यावर बसंल."

असे चार निरोप होते. दिवाळीपासूनचे.

मी चारही निरोप शेवटपर्यंत ऐकले. याला व्यंकटी काका साक्षीदार आहेत. मग ज्ञानोबा साहेबांनी संदर्भ क्र. २ चा आदेश दिला. तो आदेश मोडू नये म्हणून हा अर्ज टपालाने पाठवीत आहे.

६. तरी विनंती की, फोन टेबलावर ठेवावा, निरोप सकाळ-संध्याकाळ कोणीतरी ऐकावेत, वाघदरीच्या टँकरला एक वेळ ठरवून द्यावी, आणि येत्या खंडेनवमीला यंत्राला लांबूनच नमस्कार करावा. व्यंकटी काकांवर कारवाई करू नये. त्यांनी आम्हाला पाणी विचारले होते. कार्यालयात पाणी नव्हते, ही वेगळी गोष्ट.

आपली विश्वासू व बऱ्यापैकी नम्र,
पंचशीला भुजंग सोनकांबळे

सोबत : कुंकू लागलेले तांदूळ, नग सात.

प्रत माहितीसाठी :
(१) मा. मुख्याध्यापक.
(२) श्री. भुजंग व सौ. चांगुणा सोनकांबळे, मु. पो. वाघदरी.

आई, बाबा, आपणांस कळविण्यात येते की, उद्या मंगळवारपासून टँकर कधीही येवो, मी शाळेत असेन. साहेबांचे उत्तर येवो अथवा न येवो. हंडे घासून दारात ठेवते. रांगेत बाबा उभे राहतील. गाव हसेल ते दोन दिवस हसेल. आई, तू आता रात्री झोपत जा.