हिरव्या गवताची जागा

बुधवार, ३ जुलै

"सगळीकडे वाळलंय, मग इथलंच गवत एवढं हिरवं का?" आज पुन्हा एका पाहुणीने विचारलं. याचं खरं उत्तर मला देता येत नाही. गाइडच्या प्रशिक्षणात शिकवलेलं दिलं – जमीन कसदार, सरोवर जवळ. तिला पटलं. इम्पाला, झेब्रे, सगळे तिथेच चरायला येतात. ती फोटो काढत बसली.

गाडी वळवताना कातुरेबे आमच्या भाषेत पुटपुटला, "तुझ्या आजोबांच्या गायींचं शेण आहे, सांग की बाईंना. दूधप्यांची मेहेरबानी!" तो शेतकऱ्याचा मुलगा, आम्हा गुराख्यांना टोमणा मारल्याशिवाय त्याची गाडी हलत नाही. मी हसले. नंतर दिवसभर हसू आलं नाही.

तिथे आमचा गोठा होता. पिढ्यान्‌पिढ्या शेण साठलं, म्हणून ते गवत. गोठ्याच्या दाराशी आजोबांना पुरलंय. मग प्राण्यांसाठी राष्ट्रीय उद्यान झालं आणि सगळ्यांना उठवलं. बाबा तेव्हा माझ्या वयाचे होते.

शुक्रवार, ५ जुलै

बाबांचं पुन्हा तेच. "बाप स्वप्नात येतो. तहानलेला असतो." आजोबांना पुरलंय तिथे जाऊन त्यांना एकदा दूध ओतायचंय. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा माणूस! गुडघे गेलेत. पुढच्या वर्षी गाडीतसुद्धा चढता येणार नाही म्हणतात.

"तिकीट काढते, चला."

"माझ्या घरी मी तिकीट काढून जाऊ?"

संपलं बोलणं.

सोमवार, ८ जुलै

उद्यानाच्या मुगिशा साहेबांकडे परवानगी मागितली. अर्ज नीट वाचलासुद्धा नाही. "कोबुसिंगे, तुझ्या बापाला सोडलं की उद्या सगळा मुलूख गायी घेऊन फाटकात उभा राहील. शिकलेली ना तू?"

शिकले ती बाबांनी बिहोगो विकली म्हणून. गोठ्यातली सगळ्यांत देखणी, तांबडी गाय. आमच्या घरात पदवी आली ती तिच्या पाठीवरून. मला वाटायचं, आत नोकरी मिळाली की आतून काहीतरी बदलता येईल. लिहितानाही लाज वाटते.

मंगळवार, ९ जुलै

वाट सापडली! लॉजवाल्या बाईंना शनिवारी पाहुण्यांना 'गुराख्यांचं जीवन' दाखवायचंय, त्याच हिरव्या जागी. एक म्हातारा, काठी, दूध भरायचा कोरलेला भोपळा. साहेबांची ना नाही. तिकीटही नको.

बाबांनी एवढंच विचारलं, "दूध खरं नेता येईल ना?"

शनिवार, १३ जुलै

बाबा इस्त्रीचा कोट घालून आले होते. बाईंनी तो काढायला लावला आणि लॉजमधलं एक कापड त्यांच्या खांद्यावर गाठ मारून बांधलं. बाबांनी कोटाची घडी करून माझ्याकडे दिली.

जागा त्यांना दाखवावी लागली नाही. गाडीतून उतरून काठी टेकत सरळ चालत गेले, थांबले. बापाचं नाव घेतलं. बिहोगोच्या लेकीचं दूध सावकाश ओतलं. ओठ हलत होते. मला वाटलं, झालं. माझी पदवी कामी आली.

एका पाहुण्याचा फोटो हुकला होता. बाई मला इंग्रजीत म्हणाल्या, "त्यांना परत एकदा ओतायला सांग."

"दूध संपलं."

"अगं, मग भोपळ्यात पाणी घाल. तळाचं दूध मिसळून पांढरंच दिसेल. फोटोत कुणाला कळतंय?"

भाषांतर करणं माझं काम. केलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "हे त्या बाई म्हणतायत, की तू?"

"त्या."

"तू फक्त सांगतेस."

"हो."

त्यांनी पाणी ओतलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

परतताना कातुरेबेने एकही टोमणा मारला नाही. घराजवळ आल्यावर बाबा म्हणाले, "दारात परका आला तरी त्याला आपण दूध देतो. बापाला मी पाणी पाजलं."

रविवार, १४ जुलै

बाबा चर्चला गेले नाहीत.

बुधवार, १७ जुलै

पाहुण्यांना फार आवडलं म्हणे. आता दर शनिवारी हवंय. "बाबांना घेऊन येत जा," मुगिशा साहेब म्हणाले, "बघ, तुझंच काम झालं की नाही?" शाबासकी दिल्यासारखी पाठ थोपटली. मी आभार मानले. का मानले?

घरी सांगितलं. बाबा काठीच्या टोकाने जमीन उकरू लागले. मग विचारलं, "तिकीट काढून गेलेल्या माणसाला कुणी परत ओतायला सांगतं का?"

"नाही."

"मग काढ."

शनिवार, २० जुलै

दोन तिकिटं काढली. बाबा कोट घालून पाहुण्यांच्या जागेवर बसले. कातुरेबे आज सुट्टीवर असूनही भावाची गाडी घेऊन आला. त्या जागेपाशी आम्हाला उतरवलं आणि स्वतः पाठ करून उभा राहिला.

बाबांनी दूध ओतलं. एकदाच.

घरी परतताना म्हणाले, "साहेबांना आज शनिवारी म्हातारा मिळाला नसेल. सोमवारी तुझ्यावर चिडतील का गं?"

नाही म्हटलं. गणवेश मी कालच परत केलाय, हे अजून त्यांना सांगितलेलं नाही.