वकील आणि वकिलात

बरखेडा, भोपाळ
३ मार्च १९९८

चि. श्रीकांतास ताईचे अ. उ. आ.

तू लिहिलंस, आमच्या रजनीला जर्मनीचा व्हिसा वकिलातीतून मिळेल. तिची परीक्षा, म्हणून काल मी एकटीच कोर्टात गेले. तीन वकील धुंडाळले. एकाने लगेच स्टँप पेपर काढला. दुसरा म्हणाला, बाई, आम्ही जमानत मिळवून देतो, जर्मनी नाही. सगळे हसले. तुझ्या ओळखीचा धड वकील असेल तर नाव कळव. तिकडच्या कारखान्यातलं तीन महिन्यांचं ट्रेनिंग चार मेला सुरू. तोवर व्हिसा नसला तर जागा दुसऱ्याला. हे ड्यूटीवरून येतात, पेपर वाचतात, म्हणतात होईल. कसं, ते सांगत नाहीत.

भावावर भरवसा ठेवून बसलेली,
कांचन

ठाणे
९ मार्च १९९८

ती. ताईस श्रीकांतचा शि. सा. न.

हसून पोट दुखलं, रागावू नकोस. वकिलात म्हणजे परदेशी सरकारचं ऑफिस. भोपाळात ते नाही. मुंबईला यावं लागेल, तेही रजनीने स्वतः. २४ तारीख मिळाली आहे. मूळ कागद आणा, नुसती झेरॉक्स चालत नाही. आणि खिडकीवर तू बोलायचं नाहीस.

तुझ्या रागालाही माया समजणारा,
श्रीकांत

बरखेडा, भोपाळ
६ एप्रिल १९९८

चि. श्रीकांतास अ. उ. आ.

पासपोर्ट रजिस्टरने आला. व्हिसा लागला! हात धुऊन उघडला. शेजारची मालती बघायला आली, तिलाही आधी हात धुवायला लावले.

तू दारात सोडून ऑफिसला गेलास, म्हणून आतलं सांगते. काचेपलीकडे गोरा साहेब. त्याने विचारलं, रजनीने त्याच्याच भाषेत सांगितलं. घरी ही जर्मन शिकायची कॅसेट लावून घशातून खरखर करायची, तेव्हा मी ओरडायचे, बंद कर ते. तीच खरखर ऐकून साहेब खुर्चीत सरळ बसला. मला दोनच शब्द कळले, भोपाळ आणि कांचन. माझं नाव रे, त्या भाषेत! बोलायचं नाही म्हणालास, मी कागदांची पिशवी धरून मागे उभी राहिले. एवढीशी पोर एका अख्ख्या देशाशी बोलत होती आणि देश ऐकत होता.

काल तिच्या पानात पोळी वाढली आणि तोंडातून निघालं, घ्या. ती हसत सुटली, म्हणाली, आई, मला अहो-जाहो करतेस?

मी नाही हसले.

असाच जीव लावत राहा.

तुझी ताई,
कांचन